ऐकू न येणारी गाडी

प्रिय तोफे,

सोमवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, एका शब्दात सांगा. बॅटरीची की इंजिनवाली?" आणि मी म्हणालो, एका शब्दात निकाल द्यायला मी काय पंच आहे का, लिहून पाठवतो. तू हसलीस. म्हणालीस, "तुमचं पत्र म्हणजे आधी सगळी शाळा, मग आई, मग जीप, आणि मुद्दा राहिला तर राहिला." खरंय. पण या वेळी मुद्दा राहणार नाही. अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याचं काय झालं ते ओघात येईल. दोन दिवस तुझे फोन वाजत राहिले आणि मी उचलले नाहीत, त्याचंही कारण येईल. रागावू नकोस, निदान पत्र संपेपर्यंत तरी नको.

उद्या शुक्रवार. उद्या तुझी सही. दोन्ही गाड्या तुमच्या चौकीच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या असतील आणि वरचे साहेब म्हणतील, पथकप्रमुख बाई, बोला, कुठली ठेवायची आणि कुठली परत पाठवायची. एक निव्वळ बॅटरीची, डोंगर चढताना पानसुद्धा हलल्याचा आवाज न करणारी. तिला तुम्ही मुकी म्हणता. दुसरीही बॅटरीवरच चालते, पण तिच्या पोटात पेट्रोलचं एक छोटं इंजिन आहे. ते चाकं फिरवत नाही, बॅटरी उतरली की तिला भरत राहतं, म्हणजे गाडी लांब जाते. विकणारे तिला रेंज एक्स्टेंडर म्हणतात आणि तुझ्या पथकातला लंबू तिला पोटुशी म्हणतो. नाव ऐकून मी फोनवर किती हसलो होतो! आता हसू येत नाही. यातली जी तू ठेवशील तिच्यात बसून तुझी माणसं पुढची कितीतरी वर्षं त्या जंगलात जाणार, आणि वर चोरून झाडं पाडणारे कुऱ्हाडी घेऊन कान देऊन बसलेले असणार. चुकीची निवडलीस तर गाडी परत करता येईल. माणसं नाही.

मला विचारतेस ते मी ड्रायव्हर म्हणून. पण तुला ठाऊक आहे, मी मुळात ड्रायव्हर कमी आणि चौथीच्या वर्गातला मागच्या बाकावरचा पाठांतरवाला जास्त. आमचे मास्तर कवितेचा अर्थ सांगायच्या भानगडीत पडत नसत. डस्टरने टेबलावर ठेका धरायचे आणि आख्खा वर्ग त्या ठेक्यावर कविता ओरडायचा. खडूची धूळ उडायची, खिडकीतलं ऊन पांढरं व्हायचं. एक कविता घोड्याची होती. लढाईहून घोडा एकटाच घरी परत येतो. खोगीर रिकामं. अंगणात उभा राहून खूर आपटतो. बाकी काय झालं ते कवी सांगतच नाही. आम्ही ती कविता सगळ्यात जोरात म्हणायचो, कारण खुरांचा ठेका फार छान जमायचा. पुढे वनखात्यात लागलो, डिझेलची जीप हातात आली आणि पहिल्याच चढावर मला कळलं की दुसऱ्या गिअरला हिचाही तोच ठेका आहे. मग काय, चढ लागला की माझं पाठांतर सुरू. वस्ताद, आमचा वनरक्षक, माझा आयुष्यभराचा जोडीदार, मांडीवर दांडका घेऊन शेजारी बसलेला असायचा. तो म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, आपण चोर पकडायला निघालोय की स्नेहसंमेलनाला?"

तुझी आई म्हणायची, खालच्या वळणावर जीप कण्हली की मी चहा टाकते, आणि नाही कण्हली की कुणाचं तोंड बघावंसं वाटत नाही. म्हणजे आपल्या घरात गाडीचा आवाज हा गाडीचा दोष कधीच नव्हता. आवाज म्हणजे माणूस जिवंत आहे, येतोय, भूक लागलीय त्याला. हे मी आधी सांगतो, कारण माझं मत कुठून आलं ते तुला कळायला हवं.

आणि ओढ्याची ती दुपार. तू तेव्हा लहान होतीस, तुला फक्त शेवट आठवत असेल. ओढ्याच्या अलीकडे वाटेवर झाड आडवं पडलेलं होतं. मी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी काचेवर पहिला दगड आला. मग दोन्ही बाजूंच्या दरडींवरून दगडांचा नुसता मारा. काच माझ्या मांडीत सांडली. वस्ताद दार उघडून उतरला. मी ओरडत होतो, अरे बस, बस आत, पण तो बसणाऱ्यांतला होता का? त्याने पहिल्याच्या गुडघ्यावर दांडका असा घातला की तो माणूस लहान मुलासारखा किंचाळला. दुसऱ्याचं नाक फोडलं. तिसरा मागून आला. कुऱ्हाड वस्तादच्या मानेच्या मुळाशी बसली आणि तिथेच रुतली, तिसऱ्याने ती ओढली तर निघेना, त्याने वस्तादच्या पाठीवर पाय दिला आणि मग ओढली. तो पाय मी अजून बघतो. मी वस्तादला पट्ट्याला धरून आत खेचलं आणि जीप मागे सोडली. मागे कुणीतरी होतं. चाक चढलं, ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला, मी थांबलो नाही. टायर फाडलेले, रेडिएटरमधून वाफ, नुसत्या रिमांवर ती जीप लंगडत, ठणठणत घरापर्यंत आली. वस्ताद वाटेतच गेला, माझ्या दंडाला धरून. आवाज ऐकून तू धावत पायरीवर आलीस आणि जीपच्या फळीवरून खाली टपटपणारं बघत उभी राहिलीस. घोड्याची कविता मला त्या दिवशी समजली. त्यानंतर मी ती मोठ्याने कधी म्हटली नाही.

पण बघ, त्यातूनही मी धडा काय घेतला? की टाकीत तेल असेल आणि इंजिन दणकट असेल तर माणूस घरी येतो. मेलेला असला तरी घरी येतो, रानात कोल्ह्यांना मिळत नाही. तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत मी जीपच्या मागे तेलाचा जादा कॅन बांधल्याशिवाय फाटक ओलांडलं नाही. म्हणून तू पोटुशीचं वर्णन केलंस तेव्हा मनात म्हटलं, ही आपली. बॅटरी संपली तरी हिच्या पोटात घरी आणणारं काहीतरी आहे.

नंतर तिच्या चाचणीत जे झालं ते तू मला अर्धंच सांगितलंस. उरलेलं मी इस्पितळात लंबूच्या तोंडून ऐकलं. तुम्ही माझीच युक्ती वापरलीत. वरून उतार लागला की इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक हातात, आणि पाण्यासारखं गुपचूप खाली उतरायचं. मी तुला ती शिकवली तेव्हा तुझे पाय पेडलला पुरत नव्हते. तुम्ही पोटुशीला झुडपांत उभी केलीत, वायरलेस चालू राहावा म्हणून चावी तशीच ठेवलीत आणि दबा धरून बसलात. आपल्या घराण्यात गाडी गप्प म्हणजे गाडी बंद. जन्मभर तेच डोक्यात. पण ही गप्प होती, बंद नव्हती. चढावर तिचा चार्ज उतरलेला होता. पाडणारे ओंडका ओढत तुमच्यापासून हातभर अंतरावर आले, लंबूने पाय उचलला, आणि पोटुशीचं इंजिन आपलं आपण सुरू झालं. लंबू म्हणाला, "काका, दबा धरलेल्या मांजराला शिंक यावी तसं झालं बघा." हे सांगताना तो हसत होता आणि त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता. कुऱ्हाडीचा पहिला घाव त्याने हाताने अडवला म्हणे, डोक्यावर येत होता. तू हातातल्या टॉर्चच्या दांड्याने त्या माणसाचं तोंड फोडलंस, तो पडला तरी मारत राहिलीस, दोघांनी तुला ओढून बाजूला केलं. हे तू मला सांगितलं नव्हतंस. का लपवलंस? मी वस्तादचा जोडीदार आहे, मला काय नवीन आहे त्यात?

गाडी विकणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी इस्पितळात आला होता. बिचाऱ्याचा चेहरा राखेसारखा. इंजिन रोखून धरायचं बटण आहे म्हणाला, पण चार्ज फारच खाली गेला की गाडी ते बटण जुमानत नाही, नाहीतर बॅटरीच जायची. लपवलं नाही त्याने काही. चूक कुणाची म्हणून शोधत बसू नकोस. इंजिन नेमलेलं काम करत होतं, आणि तुम्ही तुमचं.

आणि मुकी? तिचे तर दोन्ही रंग बघितलेत. पहिल्या फेरीला ती अशी चढली की यंत्रकरवत थांबल्यावर पाडणाऱ्यांनी मान वर केली आणि समोर तुम्ही. पळायलाही वेळ मिळाला नाही त्यांना. तुझ्या बरगड्यांत लाथ बसली, तू एकाला चिखलात पालथा घालून त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसलीस, बेड्या येईपर्यंत. त्या महिन्यात जेवढे सापडले तेवढे माझ्या सगळ्या नोकरीत सापडले नाहीत. पण पलीकडच्या दरीत तीच मुकी थंडीने आणि चढाने दमून बसली. तुम्ही तिला तिथेच सोडून रानातून पायी परत आलात. सकाळी जाऊन बघता तर काचा फुटलेल्या, गाद्या फाडलेल्या, आणि स्टिअरिंगला दोरीचा फास बांधलेला, नीट, मोजूनमापून, बाईच्या गळ्याच्या मापाचा. ते तू मला सांगताना आवाज कापू दिला नाहीस. तेव्हाच मला कळलं की तू घाबरलीस.

म्हणून मंगळवारी जेवण झाल्यावर मी बसलो आणि उजव्या हाताने, माझ्या जुन्या वळणदार अक्षरात, तुला उत्तर लिहिलं. पोटुशी घे. आवाज होऊ दे, लंबूच्या हातासाठी मीही रडलो, पण चावी काढायची सवय माणसाला लावता येते, दरीत अडकलेल्या माणसाला मात्र कुणी वाचवू शकत नाही. असं लिहून मी चष्मा त्या कागदावर ठेवला आणि जरा पाठ टेकली. तेवढ्यात दार वाजलं.

वखारवाल्याचा मुकादम होता, आणि त्याच्याबरोबर दोघे, मी न पाहिलेले. मुकादमाला मी त्याच्या बापापासून ओळखतो. लाकडाच्या वखारीत चोरीचं लाकूड येतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि ते कुणाला माहीत नाही असं दाखवायची रीतही सगळ्या गावाला माहीत आहे. "काका, जरा काम होतं." बसा म्हटलं. पाणी दिलं. तो म्हणाला, "ताई तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. चाकाचं काही असलं की त्या तुम्हाला विचारतात, होय ना? मग एवढं करा. त्यांना सांगा, इंजिनवाली घ्या." मला हसू फुटलं गं! कागद टेबलावर, त्यावर हेच, शाई वाळायची होती. कागद उचलून दाखवला असता तर नमस्कार करून गेले असते. पण मला खरोखरच कुतूहल वाटलं. मी म्हटलं, "तुला रे काय पडलंय तिच्या गाडीचं? तू बसणार आहेस का तिच्यात?"

पहिली थप्पड मुकादमाने नाही, त्या दोघांतल्या जाड्याने मारली. चष्मा नसला की मार कुठून येतो ते दिसत नाही, एवढंच कळतं की घर फिरतंय. मी खुर्चीसकट पडलो. मग लाथा. पोटात, कमरेत, पुन्हा पोटात. माझ्या वयाच्या माणसाला मारताना निदान श्वास तरी घेऊ द्यावा, पण ते धंदेवाईक होते, घाईत होते. एकाने केस धरून तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. पुढचे दात जिभेवर आले, मी ते थुंकलो, ते फरशीवर खडूच्या तुकड्यांसारखे दिसले. मुकादम म्हणत होता, "हात, हात धरा, लिहिणारा धरा." त्यांनी माझा उजवा हात चौकटीत ठेवला आणि दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. मी ओरडलो का ते मला आठवत नाही. शाळेतली एक कविता डोक्यात चालू होती, मारापुरती तीच एक पकडून ठेवली होती, आणि तिसऱ्या कडव्यात अडकलो. शब्दच सापडेना. दुखत होतं त्यापेक्षा त्याचा मला राग आला.

मग मुकादम माझ्याजवळ उकिडवा बसला. आणि तोफे, तो प्रेमाने बोलला. त्याचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. म्हणाला, "काका, उगाच अंगावर ओढवून घेतलंत. आवाज असलेला बरा असतो हो, दोघांच्याही भल्याचं असतं. तुमची जुनी जीप ओढ्याच्या कितीतरी खाली असतानाच आमच्या म्हाताऱ्याला कळायचं. तो म्हणायचा, आला ड्रायव्हर कविता म्हणत, आवरा. कधी आवरून निघून जायचो. कधी वेळ असला तर झाड आडवं टाकून बसायचो. आता ही मुकी आली आणि काही समजेनासंच झालं. माणसं दचकतात, हातात कुऱ्हाड असते, मग होतं काहीतरी. ताईंच्याच जिवाला धोका. सांगा त्यांना."

वेळ असला तर झाड आडवं टाकून बसायचो. इतकी वर्षं मी समजत होतो की वस्तादला दैवाने मारलं. दैव कसलं, त्यांना निवांत वेळ मिळाला होता. चढ सुरू झाल्यापासून ओढ्यापर्यंत माझी जीप त्यांना सांगत येत होती, येतोय, येतोय, अजून येतोय. झाड पाडायला, दगड गोळा करायला, जागा घ्यायला पुरेल एवढा वेळ. ज्या आवाजावर तुझी आई चहा टाकायची त्याच आवाजावर ते कुऱ्हाडी उचलत होते.

दाराआड जॅकचा लोखंडी दांडा असतो, तुला माहीत आहे, गाडी गेली तरी दांडा मी ठेवून घेतला. डावा हात शाबूत होता. मुकादम उठायला लागला तेव्हा मी तो दांडा त्याच्या जबड्यावर घातला. फार जोर नव्हता, पण लोखंड जड होतं. जबडा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. मला आनंद झाला. लपवत नाही, गोड आनंद झाला, वस्तादच्या नावाने आणखी एक घातला, तो खांद्यावर गेला. तोवर शेजारची शिंपीणबाई कापड बेतायची मोठी कात्री घेऊन दारात उभी होती आणि असल्या शिव्या घालत होती की त्या आपल्या भाषेत आहेत हे मला या वयात कळलं. जाड्याने तिच्या अंगावर जायचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्याचा दंड कोपरापासून वर उभा उसवला. मुकादमाला उचलून ते गेले. जाताना तिसरा, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, वळून म्हणाला, "शुक्रवारी मुकी ठेवली तर परत येऊ. मग दारात बोटं घालणार नाही, मान घालू."

डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्ट्या बांधल्या, ओठ शिवला, बरगड्या तुटल्या नाहीत म्हणाल्या, फक्त चिडल्यात. पोलीस आले, सगळं लिहून घेऊन गेले. मुकादम इस्पितळात पहाऱ्यात आहे, दोघे फरार. त्या सगळ्यांना मी हात जोडून, म्हणजे एक हात आणि एक बोचकं जोडून सांगितलं की शुक्रवारपर्यंत माझ्या मुलीला कळता कामा नये. शिंपीणबाई म्हणाली, "तुमचं डोकं फिरलंय." पण शब्द पाळलाय तिने, आणि मला चमच्याने दूधही पाजतेय. फोन उचलला नाही कारण दात नसलेल्या तोंडाने मी "हॅलो" म्हटलं असतं तरी तू तिथून निघाली असतीस.

मंगळवारचा कागद फाडला. आता ऐक, ड्रायव्हर बोलतोय, मार खाल्लेला म्हातारा नाही. मुकी घे. मला मारलं म्हणून हट्टाने सांगत नाही. कुठल्या गाडीची भीती वाटते ते चोरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, एवढी चोख चाचणी तुमच्या साहेबांनासुद्धा जमली नसती. राहता राहिली दरी. मुकीला दरीत नेऊच नकोस. वरच्या चौकीच्या छपरावर सौर पत्रे बसवून घे, तिला तिथे भरत ठेव, आणि दरीचा टप्पा तिथून पायी करा, पायांनाही आवाज नसतो. चढाला चार्ज भराभर जातो पण उतरताना ती थोडा परत मिळवते, म्हणून फेरी अशी आख की जाताना चढ आणि येताना उतार. अर्धा चार्ज राहिला की मागे फिरायचं. समोर चोर ओंडका खांद्यावर घेऊन नाचत असला तरी मागे फिरायचं. थंडीत आतला हीटर लावू नका, घोंगड्या घ्या. फेरी आखूड होईल, साहेब कुरकुरतील, कुरकुरू देत.

मला मुकी आवडत नाही हेही सांगून टाकतो. तू घरी येशील तेव्हा वळणावर काही ऐकू येणार नाही. मी खिडकीशी कान लावून बसणार आणि तू एकदम दारात उभी राहणार, भुतासारखी. म्हातारपणी वाट बघायची तर निदान काहीतरी ऐकू यावं एवढी इच्छा होती. ती सोडली. मला तू ऐकू नाही आलीस तर चालेल, त्यांना नको यायला.

आता हे पत्र का लिहिलं ते. नुसतं "मुकी घे" एवढंच सांगायचं असतं तर शिंपीणबाईकडून निरोप दिला असता. पण मी तुला ओळखतो. माझ्या हाताची बातमी आज ना उद्या कुणीतरी तुला देणारच, आणि सहीच्या आधी ती मिळाली तर तू काय करशील हेही मला माहीत आहे. तू ओठ मिटून पोटुशीवर सही करशील, साहेबांना दरीचं कारण देशील, आणि मी मरेपर्यंत मला खरं कारण सांगणार नाहीस. माझी एक मान वाचवायला तुझ्या सगळ्या माणसांच्या माना त्या आवाजाखाली देशील. म्हणून आज सकाळी शिंपीणबाईचा हात धरून मी वखारीवर गेलो. लाकूड कापायचा आरा चालू होता, तो थांबेपर्यंत फाटकात उभा राहिलो. मग सगळ्या मजुरांसमोर वखारवाल्याला सांगितलं की मी मुलीला लिहितोय, मुकी घे म्हणून, आणि यात तिचा काही हात नाही, निवड माझी आहे. दातांवाचून शब्द फुसकत होते, म्हणून दोनदा सांगितलं, मास्तरांसमोर उभा राहून म्हणायचो तसं, छाती काढून. तो म्हणाला, "घरी जा काका, पडाल." मजुरांतलं कुणी हसलं नाही, आणि आम्ही रस्त्याच्या टोकाला पोचलो तरी आरा पुन्हा सुरू झाला नव्हता. तेव्हा तोफे, आता त्यांच्या लेखी जे करायचं ते मी करून चुकलोय. तू उद्या पोटुशी ठेवलीस तरी ते मला सोडणार नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी ती ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही. तुझ्या हातात मला वाचवायचं काही ठेवलेलंच नाही मी. उरलीय ती फक्त गाडी, आणि ती कुठली ते तुला माहीत आहे. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर हे पत्र संध्याकाळी तुझ्या हातात देईल. वाचून लगेच निघू नकोस. आधी सही कर. मग हवी तेवढी धावत ये, आणि आल्यावर माझ्यावर हवी तेवढी ओरड.

तुझाच, ओरडा खायला तयार बसलेला,
बाबा